शिवाजी पार्कची तालीम आणि आमचे इंदूर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दोन विषय निघाले की माणसांचे आवाज आपोआप चढतात. एक गाणे आणि दुसरे क्रिकेट. दोन्हींना होळकरांच्या दरबाराने पोसले, म्हणून दोन्हींविषयी आपल्याला घरच्यासारखे बोलण्याचा हक्क आहे असे आपण समजतो. नानासाहेब पानशांचा पखवाज ह्याच संस्थानात घुमला. शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी होते आणि त्यांनी मुलाकडून, म्हणजे पुढच्या उस्ताद अमीर खाँकडून, मेरुखंडाचे पलटे घटवून घेतले ते ह्याच शहरात. आणि १९२३ साली होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना बोलावून आपल्या फौजेत कप्तान केले, तेव्हापासून इंदूरच्या पोरांना तंबोऱ्याइतकीच बॅटही ओळखीची झाली.

माझे वडील अगदी कोवळ्या वयात दरबारात साथीला बसू लागले होते. त्यांना क्रिकेटातले फारसे कळत नसे. पण मुश्ताक अली पुढे सरसावून फटका मारायचे त्याचे वर्णन ते तानेच्या भाषेत करीत, आणि ते ऐकणाऱ्याला पटेही.

होळकर संघाची कामगिरी तोंडपाठ असलेली मंडळी अजून आपल्यात आहेत. नव्या पिढीसाठी एवढेच सांगतो, की १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि चार वेळा करंडक घेऊन आला. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, जगदाळे, भाया ही नावे त्या काळी घरच्या माणसांची असल्यासारखी घेतली जात. १९५२-५३ च्या हंगामात बंगालवर मात करून चौथा करंडक आला. पुढे संस्थान गेले तसा संघही गेला. मध्य भारत झाला, मग मध्य प्रदेश झाला, आणि करंडक काही परत आला नाही. तो आला २०२२ साली. मधे ६९ वर्षे गेली.

तो ज्या गृहस्थाने आणवला त्याच्याविषयी आज लिहायचे आहे. त्याने स्वतः त्या सामन्यात एकही धाव काढली नाही, एकही झेल घेतला नाही. तो सीमारेषेबाहेर बसून होता. शिकवणाऱ्याची जागा तीच. माझा स्वतःचा पेशा शिकवण्याचा असल्यामुळे मला खेळाडूंपेक्षा ह्या बाहेर बसलेल्या माणसाचेच कुतूहल जास्त, हे आधीच सांगून टाकतो.

श्री. चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. आमच्या क्षेत्रात 'पंडित' ही उपाधी लोक नावाच्या पुढे लावतात आणि ती लागेपर्यंत गवयाची पन्नाशी उलटते. ह्यांनी ती जन्मतःच आडनावात आणली. जन्म ३० सप्टेंबर १९६१. पेशा यष्टिरक्षणाचा, जोडीला भक्कम फलंदाजी. १९८६ साली इंग्लंडात लीड्सच्या मैदानावर त्यांनी पहिला कसोटी सामना खेळला. १९८७ च्या विश्वचषकातही ते भारतातर्फे खेळले. पण किरण मोऱ्यांसारखा यष्टिरक्षक समोर असताना संघात कायमची जागा मिळणे कठीणच होते. एकंदर पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने, एवढीच आंतरराष्ट्रीय शिदोरी. देशातल्या सामन्यांत मात्र त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या. मैफलीत पहिल्या रांगेचा नाही, पण ज्याच्याकडे बंदिशींचा साठा आहे आणि ज्याचा गळा तयार आहे असा गवई आपण पाहिलेला असतो. उत्तम शिक्षक बहुधा अशांतूनच निघतात. त्याचे कारण मला असे वाटते, की ज्याला सगळे सहज साधले त्याला ते कसे साधले हे सांगता येत नाही. ज्याला दरवाजावर उभे राहावे लागले त्याला उंबऱ्याची उंची बरोबर ठाऊक असते.

त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर. सचिन तेंडुलकरचे गुरू म्हणून जगाला त्यांचे नाव कळले. पण शिवाजी पार्कच्या मातीत त्यांनी घडवलेल्या मुलांची यादी लांबलचक आहे आणि चंद्रकांत पंडित त्यांतले एक जुने शिष्य. आचरेकर सरांची रीत सर्वांना माहीत आहे. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवायचे आणि बाद न होता खेळलास तर ते तुझे, असे सांगायचे. मुलाला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, म्हणजे एका दिवसात दोन डाव खेळून होतील. आणि 'छान खेळलास' असे चुकूनही म्हणायचे नाही. आमच्या जुन्या खाँसाहेबांची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. शागीर्दाने जीव तोडून गावे आणि उस्तादांनी पानाचा डबा उघडावा. तेवढ्यावरून ओळखायचे, की आज बरे झाले असावे.

ह्या तालमीतून मुंबईच्या क्रिकेटचा जो स्वभाव तयार झाला त्याला तिकडची मंडळी मोठ्या अभिमानाने 'खडूस' म्हणतात. एरवी हा शब्द शिवीच्या जवळचा. पण मैदानावर त्याचा अर्थ एवढाच, की विकेट फुकट टाकायची नाही, समोरच्याला एक धाव उसनी द्यायची नाही, आणि सामना हातचा गेला असे पंचांनी सांगेपर्यंत मानायचे नाही. पंडितांनी पुढे गावोगाव नेले ते हेच. घराणे मूळ गावाबाहेर पडले की एक तर पातळ होते, नाहीतर नव्या जमिनीत जोमाने धरते. इथे दुसरे झाले.

आता इंदूरशी त्यांचा संबंध कसा आला ते पाहू. खेळाडू म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मुंबई सोडून मध्य प्रदेशाकडून खेळू लागले आणि कर्णधारही झाले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांनी ह्या संघाला रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. सामना बंगलोरला, चिन्नास्वामी मैदानावर, प्रतिस्पर्धी खुद्द कर्नाटक. कर्नाटकाच्या ३०४ धावांना मध्य प्रदेशाने ३७९ धावांनी उत्तर दिले. पंच्याहत्तर धावांची आघाडी मिळाली होती. पाच दिवसांचा हा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेल्याला करंडक मिळतो. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसते टिकून राहिले असते तरी करंडक आपलाच होता. जिंकायला २४७ हव्या होत्या. पण विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे सगळा डाव १५० मध्ये आटोपला आणि ९६ धावांनी पराभव झाला. तो पराभव ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकला आहे त्यांना त्या संध्याकाळची आठवण करून देण्याची गरज नाही. पंडितांना तर नाहीच नाही. त्यांनी पुढे स्वतःच सांगितले, की त्या मैदानावर आपले काहीतरी राहून गेले होते.

खेळणे संपल्यावर ते शिकवू लागले. मुंबईचा संघ त्यांच्या हाताखाली आला आणि २००२-०३ व २००३-०४ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. लोक म्हणाले, मुंबईला जिंकवण्यात काय मोठेसे? पिढीजात गवयाच्या मुलाला यमन शिकवण्यासारखे ते. ह्या बोलण्यात थोडे तथ्य होते. मधली काही वर्षे इतर काही संघांबरोबर काढून ते पुन्हा मुंबईकडे आले आणि २०१५-१६ मध्ये पुण्यात सौराष्ट्राला डावाने हरवून मुंबईने त्यांच्या देखरेखीखाली आणखी एक करंडक घेतला. तोवर त्यांची गणना चांगल्या प्रशिक्षकांत होत होती. अचंबा वाटावा असे अजून काही घडले नव्हते.

ते घडले आपल्याच होळकर स्टेडियमवर, आणि त्याची सुरुवात पराभवाने झाली. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई आणि गुजरात यांचा अंतिम सामना इंदूरला झाला. गुजरातपुढे शेवटच्या डावात ३१२ धावांचे आव्हान होते. एवढ्या धावा करून रणजीचा अंतिम सामना तोपर्यंत कोणीच जिंकला नव्हता. पार्थिव पटेलने १४३ धावांची खेळी केली आणि गुजरातने पहिल्यांदाच करंडक उचलला. पंडित मुंबईचे प्रशिक्षक. त्यानंतर मुंबईने त्यांना निरोप दिला. एका अंतिम सामन्यात हरणे हे इतर संघांच्या दृष्टीने यश असते. मुंबईत तो गुन्हा ठरतो. शिकवणीचे घर सुटले की तंबोरा गवसणीत घालून मास्तर दुसरे घर शोधतो, तसे ते नागपूरला गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि साठ वर्षांत अंतिम सामन्याचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. सी. के. नायडूंचे जन्मगाव नागपूर. पण तिथला संघ म्हणजे इतरांनी गुण मिळवण्याची जागा, असा लौकिक. ह्या संघात चाळिशीला टेकलेला वसीम जाफर होता, कर्णधार फैझ फझल होता, आणि रजनीश गुरबानी नावाचा इंजिनिअर झालेला एक वेगवान गोलंदाज होता. ते उपांत्य सामन्यात कलकत्त्याला पोहोचले. तिथे कर्नाटकाला त्यांनी हरवले ते फक्त पाच धावांनी. गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले. पाच धावांनी जिंकणे हा योगायोग असू शकतो, असे कोणी म्हणेल. पण त्या पाच धावा राखण्यासाठी अकरा माणसांनी शेवटपर्यंत डोके थंड ठेवावे लागते, आणि डोके थंड ठेवणे हे ज्या संघाने साठ वर्षांत कधी केले नाही तो एका हंगामात शिकला, ह्याला योगायोग म्हणता येत नाही.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि जागा पुन्हा इंदूर. दिल्लीच्या पहिल्या डावात ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या होत्या. पण गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी त्रिफळाचीत केले, त्यांत शोरीही गेला. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅट्ट्रिक. मग अक्षय वाडकर ह्या तरुण यष्टिरक्षकाने आपले पहिलेच शतक काढले, १३३ धावांचे. वर्षाचा अखेरचा दिवस होता. माझ्या वर्गातला एक तबला शिकणारा मुलगा हट्ट करून मला मैदानावर घेऊन गेला होता. मला त्या वाडकराच्या खेळात एक गोष्ट फार आवडली. चांगला फटका मारल्यावर तो स्वतःवर खूश होत नव्हता; पुढच्या चेंडूला पुन्हा तितकाच वाकून उभा राहत होता. सम आली म्हणून हुरळून जाऊन पुढचे आवर्तन सांडणारी मुले मी रोज पाहतो. ह्याला कोणीतरी न सांडायला शिकवले होते. विदर्भाने ५४७ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून सामना जिंकला. ज्या मैदानावर वर्षापूर्वी पंडितांनी मुंबईची नोकरी गमावली, त्याच मैदानावर ते करंडकाशेजारी उभे होते.

पुढच्याच हंगामात विदर्भाने ते परत केले. २ जानेवारी २०१९ रोजी आचरेकर सर वारले, आणि पाच आठवड्यांनी, ७ फेब्रुवारीला, नागपूरच्या मैदानावर विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवले. त्या सामन्यात आदित्य सरवटे ह्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने अकरा गडी टिपले. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करता आली आणि दोन्ही वेळा त्याला बाद केले ते सरवट्यांनीच. हे आडनाव ऐकून आपल्याकडच्या वृद्धांना चंदू सरवटे आठवले असतील, तर त्यात नवल नाही.

मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशाने पंडितांना बोलावले. लगेच महामारी आली. १९३४-३५ मध्ये सुरू झाल्यापासून रणजी स्पर्धा कधी चुकली नव्हती, ती २०२०-२१ मध्ये भरलीच नाही. दुसरा कोणी असता तर पगार घेऊन स्वस्थ बसला असता. पण पंडितांच्या पद्धतीला लागतो तो वेळ, आणि तो आयताच मिळाला. सामने नसताना शिबिरे घ्यायची, एकेका खेळाडूचे दोष महिनोन्‌महिने घासायचे, ज्येष्ठ आणि कनिष्ठ असा भेद ठेवायचा नाही, ही त्यांची रीत.

त्यांच्या कडकपणाचे किस्से बरेच ऐकू येतात. ते मी इथे देत नाही. सांगणाऱ्यागणिक ते वाढत जातात. पण कडकपणा आहे ह्यात शंका नाही, आणि त्याविषयी माझ्या मनात दोन बाजू आहेत. आमच्या पिढीने मार खाऊन गाणे शिकले आणि त्यातल्या पुष्कळांनी मोठेपणी तंबोऱ्याला हात लावला नाही, हे मी पाहिले आहे. उलट आज मुलाला पंधरा दिवस नुसता षड्ज लावायला सांगितले तर आई विचारते, "सर, गाणं कधी सुरू करणार?" दोन्ही टोके बरी नव्हेत. पंडितांच्या बाबतीत मला कळले ते असे, की त्यांचा कडकपणा अशा मुलांवर फळला ज्यांना आजवर कोणी इतक्या गांभीर्याने घेतलेच नव्हते. ज्या मुलाला 'तू काय करणार!' एवढेच ऐकायची सवय आहे, त्याला कोणी रागावून 'तू हे करायलाच हवेस' म्हटले, तर त्या रागात त्याला मान दिसतो.

कुमार कार्तिकेयचेच उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातला हा मुलगा घर सोडून निघाला, दिल्लीत हाल काढले, आणि शेवटी मध्य प्रदेशात शहडोलमार्गे संघात आला. काहीतरी झाल्याशिवाय घरी जायचे नाही असा त्याचा पण होता आणि नऊ वर्षे त्याने घराचा उंबरा पाहिला नाही. असा मुलगा कडक मास्तराला भीत नाही. तो त्याच्यापेक्षा स्वतःशीच अधिक कडक असतो.

२०२१-२२ चा हंगाम आयपीएलमुळे दोन तुकड्यांत खेळला गेला. जूनमध्ये बादफेरी झाली. मध्य प्रदेशाने पंजाबला हरवले, मग बंगालला १७४ धावांनी हरवले. त्या सामन्यात हिमांशू मंत्रीच्या १६५ धावा होत्या. अंतिम सामना बंगलोरला, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. समोर एकेचाळीस वेळा करंडक जिंकलेली मुंबई. आणि मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. तेही आचरेकरांचेच शिष्य. १९८८ साली शालेय स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करीत होते तेव्हा पॅड बांधून दिवसभर बसून राहिलेला मुलगा तो हाच. शिवाय पंडितांच्या हाताखाली मुंबईकडून खेळलेला. एका गुरूचे दोन शिष्य समोरासमोर बसले होते, आणि थोरल्याने धाकट्याला शिकवलेलेही होते.

त्या पाच दिवसांत आपल्या घरांमधून जे चालले ते मोठे गमतीचे होते. आपण इंदूरकर मराठी. पाव शतक, अर्धे शतक, काही घरे तर दोनशे वर्षे इथे आहेत. तरी मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांवर, नाटकांवर, पंचांगांवर आपला एक डोळा कायम. मुंबई जिंकली की आपण 'आपली मुंबई' म्हणत आलो. आता मुंबईच्या समोर आपलेच गाव. आमच्या नात्यातल्या एक आजी, वय पंच्याऐंशीच्या पुढे, दुसऱ्या दिवशी सर्फराज खानच्या शतकाकडे मोठ्या कौतुकाने पाहत होत्या. नातवाने विचारले, "आजी, तू कोणाकडून?" त्या म्हणाल्या, "अरे, हे होळकरांचेच नाही का आता? मग विचारतोस काय!" हा नेमका कायदेशीर मुद्दा आहे की नाही मला माहीत नाही. घरातला वाद मात्र तेवढ्यावर मिटला.

मुंबईने ३७४ धावा केल्या. सर्फराजच्या १३४. दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशाचा डाव सुरू झाला आणि मग जे झाले ते मुंबईच्याच शैलीत झाले, फक्त करणारे दुसरे होते. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६. दोघांनी दोनशेहून अधिक धावांची भागी केली आणि घाई कशाचीच केली नाही. तिसऱ्या दिवसअखेर तीन बाद ३६८. आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारने मग १२२ धावा केल्या आणि खाली सारांश जैनने ५७. चौथ्या दिवशी डाव संपला तेव्हा ५३६ धावा झाल्या होत्या, म्हणजे १६२ ची आघाडी. आता घाई करण्याची पाळी मुंबईची होती. विलंबित ख्यालात सावकाश बढत करून गवयाने मांड ठोकली की साथीदाराला द्रुतात पळावेच लागते; आणि पळताना ठेका सुटतो. मुंबई पळाली आणि २६९ मध्ये बाद झाली. कार्तिकेयने चार बळी घेतले. जिंकायला १०८ धावा हव्या होत्या. १९९९ मध्ये ह्याच मैदानावर शेवटचा डाव कोसळला होता, म्हणून चार गडी पडेपर्यंत कित्येकांच्या छातीत धडधड होतीच. २६ जून २०२२ रोजी पाटीदारने विजयी धाव घेतली. मुलांनी पंडितांना खांद्यावर उचलले तेव्हा तो कडक गृहस्थ रडत होता.

ह्या संघात आवेश खान नव्हता, वेंकटेश अय्यर नव्हता. दोघेही इंदूरची मुले, दोघेही भारतीय संघाबरोबर गेलेली. राहिलेल्यांपैकी पाटीदार सोडला तर सामान्य प्रेक्षकाला नावे ठाऊक नव्हती. कर्णधार आदित्य श्रीवास्तव रस्त्याने गेला असता तर सराफ्यातल्या कचोरीवाल्यानेही ओळखला नसता. आज ओळखतो.

ह्या यशाची बातमी होताच आयपीएलच्या कलकत्त्याच्या संघाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंडितांना प्रमुख प्रशिक्षक केले. तिथला अनुभव संमिश्र. पहिल्या वर्षी संघ मागेच राहिला. एका परदेशी खेळाडूने नंतर उघड सांगितले, की हा लष्करी खाक्याचा शिक्षक आहे, आणि जगभर खेळून आलेल्यांना काय घालावे नि कसे वागावे हे ऐकून घेणे जड जाते. मला ह्यात दोघांचाही दोष दिसत नाही. ज्याचा गळा तयार आहे, ज्याच्या बिदागीचा आकडा कोटींत आहे, आणि जो दोन महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या मैफलीला जाणार आहे, त्याला आ-काराचा रियाझ कोण शिकवणार? पंडितांचे मुख्य साधन म्हणजे पावसाळ्यातली लांबलचक, कंटाळवाणी तयारी. तेच तिथे वापरता येत नाही. तरीही २६ मे २०२४ रोजी मद्रासला कलकत्त्याने अंतिम सामना आठ गडी राखून जिंकला आणि त्यात नाबाद ५२ धावा केल्या त्या वेंकटेश अय्यरने. श्रेय बहुतेक सगळे संघाचे मार्गदर्शक गौतम गंभीर यांना मिळाले. त्यांचे श्रेय होतेही. पण प्रमुख प्रशिक्षकाचे नाव बातमीच्या चौथ्या-पाचव्या परिच्छेदात आले, ते वाचून माझ्यासारख्या मास्तराला हसू आले. शिष्याच्या सत्कारात गुरुजींना तिसऱ्या रांगेत बसवतात, तसे ते. पुढच्या वर्षी संघ आठवा आला आणि जुलै २०२५ मध्ये पंडित तिथून बाहेर पडले.

मुंबईचे तीन, विदर्भाचे दोन, मध्य प्रदेशाचा एक, असे सहा रणजी करंडक प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर आहेत. माझ्या लेखी मात्र त्यांपैकी शेवटच्या तिघांचे वजन वेगळे. आणि त्याहूनही मोलाची गोष्ट ते निघून गेल्यावरची. मास्तर गेल्यावर शिकवणी टिकते का, ही खरी परीक्षा. मार्च २०२४ मध्ये उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशाला हरवले ते विदर्भानेच, ६२ धावांनी. मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला, आणि तो स्वीकारणारा कर्णधार होता अक्षय वाडकर, वर्षअखेरीच्या उन्हात मी ज्याला पाहिले होते तो.

सी. कें.ची आठवण इथे निघणे साहजिक आहे. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे पुढचे दोन दात पडले. तेव्हा त्यांचे वय छप्पन्न. ते बॅटने दात बाजूला सारून पुन्हा खेळायला उभे राहिले, असे आपल्याकडे सांगत आले आहेत. ते स्वतः खेळून दाखवत आणि मग इतरांना तसे खेळायला लावत. कर्णधार आणि गुरू एकाच अंगरख्यात. पंडितांना ती सोय नव्हती. साठीच्या माणसाने खुर्चीत बसून पंचवीस वर्षांच्या मुलाच्या अंगात स्वतःचा निश्चय घालायचा, हे काम अधिक अवघड की सोपे, ह्यावर मी आणि माझा तो तबल्याचा विद्यार्थी अजून भांडतो.

राहता राहिले धाकटे गुरुबंधू. बंगलोरला हरलेले अमोल मुजुमदार पुढे भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. देशातल्या सामन्यांत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही त्यांना भारताकडून एक सामना खेळायला मिळाला नव्हता. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या मुंबईत त्यांच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात वेगाने चेंडू टाकणारी क्रांती गौड आपल्या मध्य प्रदेशातली, छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची.